पूडलचे शिक्षण आणि घराचा शिरस्ता

डोक्यावर केसांचा गोंडा आणि पायांत केसांची कडी मिरवणारा कुरळा पूडल पाहिला म्हणजे हा प्राणी केवळ दिवाणखान्याच्या शोभेसाठी निर्माण झाला असावा, असा सामान्य माणसाचा सहज ग्रह होतो. परंतु ज्या केशरचनेमुळे हा ग्रह होतो, तीच रचना या जातीच्या कष्टाळू पूर्वेतिहासाची साक्ष आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जर्मनी आणि फ्रान्समधील तळ्यांच्या व दलदलींच्या काठी पाणपक्ष्यांची शिकार करणारे लोक बंदुकीने पाडलेले बदक थंडगार पाण्यातून उचलून आणण्यासाठी हा कुत्रा बाळगीत. पोहताना भिजलेल्या केसांचे ओझे होऊ नये म्हणून ते त्याच्या अंगाचा मागचा भाग भादरीत, आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तेवढ्या जागचे केस राखीत. पुढे या कुत्र्याची आकलनशक्ती ओळखून सर्कशीवाल्यांनी त्याला रिंगणात आणले, सरदारांनी रणांगणावर नेले, आणि विद्वानांनी आपल्या अभ्यासिकेत जागा दिली. इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांच्यात सतराव्या शतकात जी यादवी झाली, तीत राजपुत्र रूपर्टचा ‘बॉय’ नावाचा पूडल धन्याबरोबर फौजेत वावरत असे, आणि १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. उपनिषदांच्या लॅटिन भाषांतराचे श्रद्धेने वाचन करणारा जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर याने तर फ्रँकफुर्टच्या आपल्या बिऱ्हाडी एकामागून एक पूडल पाळले आणि त्यांना ‘आत्मा’ हेच नाव दिले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, आज्ञापालनाच्या स्पर्धांतील परीक्षकांच्या मतांवरून निरनिराळ्या जातींची जी क्रमवारी लावली, तीत बॉर्डर कॉलीच्या खालोखाल दुसरे स्थान पूडलला मिळाले.

बुद्धिमान कुत्रा पाळणे सोपे, हा समज मला मात्र अर्धाच खरा वाटतो. इतर पिल्लांना जी गोष्ट शिकायला आठवडा लागतो, ती पूडल दोन-तीन दिवसांत शिकतो हे खरे; पण जी गोष्ट आपण त्याला कधी शिकवू इच्छिली नव्हती, तीही तो त्याच वेगाने शिकतो. जेवणाच्या पंक्तीपाशी भुंकले की पोळीचा तुकडा पडतो, मोजा तोंडात धरून पळाले की घरातली मुले आनंदाने मागे धावतात, कण्हत बसले की कोणीतरी उचलून घेते, या गोष्टी त्याच्या ध्यानात एकदा बसल्या की त्या पुसून काढणे महाकठीण. शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षे कोणी बिनहरकत गाडी नेली म्हणजे जसा त्याला वहिवाटीचा हक्क प्राप्त होतो आणि मग मालकाने कितीही तक्रार केली तरी ती वाट मोडता येत नाही, तसेच पलंगावर झोपण्याचे किंवा ताटातले मागण्याचे पूडलचे असते. फरक इतकाच की त्याला वर्षे लागत नाहीत. म्हणून पिल्लू घरात येण्यापूर्वीच घरातल्या सर्व माणसांनी एकत्र बसून काही शिरस्ता ठरवावा, आणि ठरलेला शिरस्ता वडीलधाऱ्यांनीही मायेपोटी मोडू नये, ही या लेखाची मुख्य विनंती आहे.

छावणीसारख्या वस्तीत या विनंतीला विशेष अर्थ आहे. जुन्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, तटबंदीबाहेर खाम नदीच्या पलीकडे कंटिंजंट फौजेचे ठाणे म्हणून जी वसाहत वाढली, तिच्यात लष्कराच्या निमित्ताने नाना प्रांतांची कुटुंबे येऊन स्थिरावली. त्यामुळे येथे एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच घरात, मराठी, दखनी, हिंदी आणि इंग्रजी अशा चारही बोली कानांवर पडतात. माणसांच्या दृष्टीने ही मोठी संपन्नता. परंतु नऊ आठवड्यांच्या पिल्लाला आजी ‘बस रे बाळा’ म्हणतात, वडील ‘बैठ’ म्हणतात, शाळेत जाणारी नात ‘सिट’ म्हणते आणि कामाला येणाऱ्या मावशी नुसताच हात उगारतात, तेव्हा त्या बिचाऱ्याने कोणता हुकूम प्रमाण मानावा? कुत्र्याला भाषा नसते, त्याला ध्वनी असतो; मराठी, दखनी, इंग्रजी कोणताही शब्द त्याला सारखाच. शब्द कोणताही घ्यावा, पण तो एकच असावा. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ आणि ‘नको’ एवढे पाच शब्द पहिल्या सहा महिन्यांना पुरेसे आहेत, आणि ते एका कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवणारे एक कुटुंब मी छावणीतच पाहिले आहे. त्या कागदाच्या तळाशी ‘पंक्तीत कोणीही काही टाकायचे नाही’ अशी सूचना होती आणि तिच्याखाली घरातल्या सर्वांनी सह्या केल्या होत्या. आजींचीही सही होती.

पिल्लू कोठून आणावे याविषयी थोडक्यात सांगतो, कारण येथे झालेली चूक पुढच्या कोणत्याही शिक्षणाने भरून निघत नाही. केंद्र शासनाने २०१७ साली केलेल्या श्वान-प्रजनन व विक्रीच्या नियमांप्रमाणे आठ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिल्लू विकता येत नाही, आणि हा नियम केवळ कागदी नाही. आईजवळ व भावंडांत राहून पिल्लू चावा किती जोराने घ्यायचा आणि समोरचा ओरडला की थांबायचे कसे, हे पहिले धडे घेते. विक्रेता आई दाखवावयास तयार नसेल तर तो व्यवहार तहकूब ठेवावा. पूडलचे अधिकृत आकार ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय श्वानसंघाच्या मोजमापाप्रमाणे सर्वांत लहान ‘टॉय’ पूडलची खांद्यापाशी उंची २४ ते २८ सेंटीमीटर आणि सर्वांत मोठ्या ‘स्टँडर्ड’ची ४५ ते ६० सेंटीमीटर असते. ‘टीकप’ नावाचा आकार कोणत्याही मान्यवर संघाच्या दप्तरी नाही. त्या नावाखाली जास्त पैसे देऊन घेतलेले पिल्लू बहुधा दुबळे, कधी कधी तर वयाने कमी असलेले निघते. आईबापांच्या डोळ्यांची तपासणी झाली आहे काय, हेही विचारावे, कारण दृष्टिपटल हळूहळू क्षीण होऊन अंधत्व येण्याचा आनुवंशिक विकार या जातीत आढळतो आणि त्याची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. छावणीच्या हद्दीत राहणाऱ्याने छावणी परिषदेच्या कार्यालयात आणि शहरात राहणाऱ्याने महानगरपालिकेत नोंदणी व परवान्याची चौकशी करून तेही काम वेळेवर उरकावे.

पिल्लू घरी आले की पहिला प्रश्न फरशीचा. येथे बहुतेक लोक जी पद्धत अवलंबितात, म्हणजे पिल्लाने घरात घाण केली की त्याचे नाक तीत घासायचे आणि पाठीत एक चापट द्यायची, ती अत्यंत निरुपयोगी आहे, आणि तिच्याविरुद्ध मला तळमळीने लिहावेसे वाटते. पिल्लाला या शिक्षेतून एवढाच बोध होतो की माणसाच्या देखत लघवी करणे धोक्याचे असते. मग ते पलंगाखाली, कपाटामागे, पाहुण्यांच्या खोलीत जाऊन करू लागते, आणि बाहेर अंगणात तुम्ही दोरी धरून कितीही वेळ उभे राहिलात तरी तुमच्यासमोर करीत नाही. शास्त्र साधे आहे. पिल्लाचे मूत्राशय लहान असते. जितक्या महिन्यांचे वय, त्याहून एखादा तास अधिक, एवढाच वेळ ते दिवसा कसाबसा धरू शकते, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर थोड्या वेळात, आणि खेळ थांबताच, या तीन वेळा ठरलेल्या. त्या वेळी त्याला उचलून परसातल्या एकाच कोपऱ्यात न्यावे, दरवेळी ‘शू कर’ असा एकच शब्द म्हणावा, आणि काम झाल्याच्या क्षणी, घरात परतल्यावर नव्हे, तेथेच खाऊ द्यावा. परस नसलेल्या फ्लॅटमध्ये गच्चीचा कोपरा किंवा वर्तमानपत्राची जागा ठरवावी, पण ती वारंवार बदलू नये. घरात चूक झालीच तर मुकाट्याने पुसून घ्यावे. फिनाइलने वास माणसाच्या नाकापुरता जातो, कुत्र्याच्या नाकाला तो लपत नाही, म्हणून पाळीव प्राण्यांसाठी मिळणारे विकरयुक्त द्रावण वापरणे बरे. रात्री निजण्यासाठी पिल्लाला अंग पसरून वळता येईल एवढा पिंजरा माणसांच्या निजण्याच्या खोलीतच ठेवावा. निजायची जागा सहसा कुत्रा घाण करीत नाही, आणि कुणाचा तरी श्वास ऐकू येत असला म्हणजे आईपासून दुरावलेल्या त्या जिवाला पहिल्या रात्री आधार वाटतो. पिंजरा ही शिक्षेची कोठडी होता कामा नये, हे मुलांना आवर्जून सांगावे.

आता मी या विषयाच्या गाभ्याकडे येतो, आणि येथे वाचकाने थोडे अवधान द्यावे अशी अपेक्षा आहे. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे निरनिराळ्या जातींची पिल्ले वाढवून जे निरीक्षण केले, ते १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा निर्णायक काळ म्हणून दाखवून दिला आहे. या मुदतीत ज्या माणसांची, प्राण्यांची, आवाजांची आणि पृष्ठभागांची पिल्लाला निर्भयपणे ओळख होते, ती त्याच्या जगाचा भाग होतात. ज्यांची होत नाही, ती पुढे आयुष्यभर संशयास्पद राहतात. आणि विधिघटना अशी की नेमकी हीच मुदत रोगाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची असते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाचे काही काळ रक्षण करतात, पण तीच प्रतिपिंडे लसीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कोणत्या आठवड्यात संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असल्यामुळे डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे वय झाल्यावर दिली तरच खात्री धरता येते. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहतो आणि रक्ताच्या जुलाबांनी पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस, तीही दरवर्षी चुकवता न येणारी. सगळ्या मात्रा होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर पाऊल टाकू देऊ नये, असे डॉक्टर सांगतात ते योग्यच. परंतु चौथा महिना संपेपर्यंत ज्याने घराच्या चार भिंतींपलीकडचे काहीच पाहिले-ऐकले नाही, असे पिल्लू रोगातून वाचते आणि भयात सापडते, हेही तितकेच सत्य आहे. पूडलसारख्या संवेदनशील जातीत हे भय भुंकण्याच्या, थरथरण्याच्या आणि चावण्याच्या रूपाने वर्षानुवर्षे प्रकट होत राहते.

या पेचातून वाट आहे, आणि ती सोपी आहे. पिल्लाने जमिनीवर पाय ठेवायचा नाही, पण जग पाहायला हातांवर जायचे. छावणीत गुरुवारी जो आठवडी बाजार भरतो, त्याच्या काठाकाठाने एका सकाळी एक तरुण गृहस्थ आपल्या जर्दाळू रंगाच्या पूडल पिल्लाला जुन्या पंच्यात गुंडाळून, छातीशी धरून उभा असलेला मी पाहिला, आणि त्याची पद्धत इतकी अनुकरणीय होती की ती तपशिलाने सांगतो. तो गर्दीत शिरला नाही. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, भाजीवाल्यांचे ओरडणे, शेळ्यांचे बें-बें, आणि लष्करी गाडीची घरघर जेथे ऐकू येते पण अंगावर येत नाही, अशा अंतरावर तो थांबला. पिल्लाचे कान मागे गेले की एक पाऊल आणखी मागे सरकला, आणि खिशातून हरभऱ्याएवढा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा काढून त्याच्या तोंडाशी नेला. पिल्लाने तो घेतला नाही. तो आणखी थोडा मागे गेला, शांतपणे वाट पाहिली, आणि पुन्हा तुकडा दिला. या वेळी पिल्लाने तो चघळला. घाबरलेला कुत्रा खात नाही, हे एवढेच मोजमाप हाताशी धरून तो हळूहळू पुढे सरकत होता, आणि थोड्याच वेळात ते पिल्लू बैलांकडे मान उंचावून पाहू लागले. कोणी हात लावू म्हणाले तर त्याने नम्रपणे नकार दिला आणि घरी गेल्यावर ते कापड वेगळे धुवायला टाकले. नागसेनवनाच्या रस्त्यावर विद्यार्थ्यांची ये-जा, लोखंडी पुलावरची वाहतूक, अजान, आरती, चर्चची घंटा, लग्नाची वरात, छत्री उघडण्याचा आवाज, पांढरी दाढी, हेल्मेट, काठी टेकणारे आजोबा, चाकांची खुर्ची: या सगळ्यांची अशीच अंतरावरून, खाऊसह, ओळख करून देता येते. गणपती आणि दिवाळी जर या मुदतीत येत असतील तर फटाक्यांचा आवाज आधी ध्वनिमुद्रणातून अगदी बारीक ऐकवावा आणि जेवणाच्या वेळी क्रमाक्रमाने वाढवावा. हे सर्व करण्यापूर्वी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा हे ओघानेच आले. शहरात खडकेश्वरला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयाची सोय आहे.

प्रत्यक्ष आज्ञा शिकवण्याचे तंत्र याच्या मानाने फार लहान आहे. हरभऱ्याएवढा खाऊ चिमटीत धरून पिल्लाच्या नाकापासून डोक्याच्या वर, किंचित मागे न्यावा. नाक वर गेले की ढुंगण आपोआप खाली टेकते, आणि ते टेकल्याच्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणून खाऊ द्यावा. क्षण हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण एक-दोन सेकंदांच्या पलीकडे गेलेले बक्षीस पिल्लाच्या लेखी दुसऱ्याच कशाचे तरी बक्षीस ठरते; तुम्ही डबा उघडेपर्यंत ते उठून उडी मारू लागले असेल, तर तुम्ही उडीला मेहनताना दिलात. ही कृती न चुकता होऊ लागल्यावरच तिला ‘बस’ हा शब्द जोडावा. दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन मिनिटांचाच पाठ घ्यावा. त्याहून लांबला तर पिल्लाचे लक्ष उडते, आणि पूडल कंटाळला की स्वतःच्या कल्पनेने नवीन काहीतरी करून दाखवू लागतो. ‘ये’ ही आज्ञा मात्र सर्वांत जपून वापरावी. ‘ये’ म्हणून बोलावले आणि रागे भरले, किंवा बोलावून लगेच आंघोळीला नेले, असे दोनदा घडले की तिसऱ्यांदा तो येणार नाही. तो आला की, कितीही उशिराने आला तरी, त्याचे स्वागतच झाले पाहिजे.

माराने कुत्रा लवकर शिकतो असे म्हणणारे लोक अजून पुष्कळ आहेत, आणि ते पोलिसांच्या कुत्र्यांचा दाखला देतात. त्यांनी ‘जंजीर’ची हकीकत आठवावी. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत ज्या लॅब्राडॉर कुत्र्याने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुडकून काढण्यास साहाय्य केले आणि ज्याच्या निधनानंतर २००० साली पोलीस खात्याने त्याला सन्मानपूर्वक निरोप दिला, तो पुण्याच्या पोलीस श्वान-प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. वास हुडकण्याचे काम कुत्र्याकडून भीती दाखवून करून घेता येत नाही. त्या वासाशी खेळ आणि कौतुक यांची सांगड घातली म्हणजेच तो तासन् तास उत्साहाने शोध घेतो. जे काम शेकडो माणसांच्या जिवाचे रक्षण करते तेथे ही रीत पुरेशी ठरते, तर दिवाणखान्यात बसायला शिकवण्यासाठी छडीची गरज कशी पडेल, हे मला समजत नाही.

चाव्याविषयी घरोघर तक्रार असते. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात, ते सुईसारखे अणकुचीदार, आणि चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून बेचाळीस पक्के दात येतात. या काळात हिरड्या ठणकतात व हाती लागेल ते चघळावेसे वाटते. ओले फडके पिळून, पीळ देऊन, बर्फाच्या कप्प्यात गोठवून दिले म्हणजे त्याला आराम पडतो आणि चपला वाचतात. खेळताना दात हाताला लागला की हात न झटकता खेळ थांबवावा आणि अर्धा मिनिट पाठ फिरवून उभे राहावे. मुलांना मात्र हे शिकवावे लागते, कारण हात झटकून किंचाळणे हे पिल्लाला खेळाचे आमंत्रणच वाटते. आठ वर्षांखालील मूल आणि पिल्लू यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड कधीही एकत्र सोडू नये.

पूडलच्या शिक्षणातला जो भाग इतर कुत्र्यांच्या पुस्तकांत सापडत नाही, तो केसांचा. या जातीचे केस फारसे गळत नाहीत म्हणून लोक ती घेतात. पण जे केस गळत नाहीत ते वाढत राहतात, एकमेकांत अडकतात, आणि आठ-पंधरा दिवसांच्या हलगर्जीपणाने काखेत, कानामागे व मांडीच्या आत त्यांचा अक्षरशः नमदा बनतो. वयाच्या नवव्या महिन्यापासून पुढे पिल्लाची मऊ लोकर जाऊन प्रौढ कुरळे केस येताना तर रोज विंचरले तरी गाठी पडतात. दर चार-सहा आठवड्यांनी कातरणी, रोज त्वचेपर्यंत पोहोचणारी फणी, कानांची निगा आणि नखे, हे आयुष्यभराचे काम आहे. ते झुंज न होता व्हावे असे वाटत असेल तर त्याचेही शिक्षण पहिल्याच आठवड्यात सुरू झाले पाहिजे. नगर नाक्याकडच्या एका घरी हे काम ज्या शहाणपणाने चालले होते ते सांगण्याजोगे आहे. केस कापण्याचे विजेचे यंत्र घरातल्या सूनबाईंनी आधी बंद स्थितीतच पिल्लाच्या जेवणाच्या वाटीशेजारी ठेवले. दोन-चार दिवसांनी ते शेजारच्या खोलीत सुरू करून जेवण वाढले. मग त्याच खोलीत, मग हातभर अंतरावर. शेवटी यंत्राची पात्याविना पाठ पिल्लाच्या खांद्याला टेकवली, तेव्हा त्याने मान वळवून यंत्र हुंगले आणि खाऊच्या डबीकडे पाहिले. पंजा हातात घेणे, बोटे वेगळी करणे, कान उचलून आत पाहणे, ओठ वर करून दात पाहणे, हेही रोज एकेका खाऊच्या मोबदल्यात चालू होते. पुढे त्या पिल्लाला पहिल्यांदा कातरणीच्या दुकानात नेले, तेव्हा ते टेबलावर निवांत उभे राहिले.

खाऊच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघरातील चार गोष्टी निषिद्ध मानाव्यात. शिऱ्यातले बेदाणे व मनुका, तसेच द्राक्षे, कुत्र्याच्या मूत्रपिंडांना थोड्या प्रमाणातही घातक ठरू शकतात. कांदा-लसूण रक्तपेशी नष्ट करतात, म्हणून ज्या नान-खलियासाठी हे शहर प्रसिद्ध आहे त्यातला रस्साही पिल्लाच्या वाट्याला जाऊ देऊ नये. चॉकलेट आणि शिजवलेली हाडे यांचेही तेच. टॉय पूडलचे पिल्लू फार वेळ उपाशी राहिले तर रक्तातील साखर उतरून ते गळून पडते, म्हणून त्याला दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. मराठवाड्याचा उन्हाळा हा दुसरा शत्रू. एप्रिल-मेमध्ये डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहावी; आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. फेरी सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. उन्हाळा आला म्हणून केस अगदी त्वचेपर्यंत भादरू नयेत. आखूड पण राखलेले केस उन्हापासून संरक्षणच करतात.

पूडल माणसावर अतिशय आसक्त असतो, आणि ही आसक्ती एकटेपणाच्या भयात परिणत होण्यास वेळ लागत नाही. ज्या घरात पिल्लू आले म्हणून आठवडाभर रजा काढून सारे जण चोवीस तास त्याच्याभोवती असतात आणि पुढच्या सोमवारी एकदम कुलूप लावून निघून जातात, तेथे शेजाऱ्यांच्या तक्रारी येणारच. पहिल्या दिवसापासूनच क्षणभर दुसऱ्या खोलीत जाऊन परत यावे, मग दोन मिनिटे, मग पाच. जाताना लाडाचा निरोप नको आणि येताना समारंभ नको. चघळायला काही देऊन निघालात तर तुमचे जाणे आणि त्याचा खाऊ यांची त्याच्या मनात जोड बसते.

सहाव्या-सातव्या महिन्यानंतर एक काळ असा येतो की ज्या पिल्लाने आतापर्यंत ‘ये’ म्हणताच धाव घेतली, ते मान वळवून पाहते आणि उलट दिशेने चालू लागते; फाटक उघडे दिसले की नगर नाक्याच्या रस्त्याकडे सुसाट पळते; शिकवलेले सगळे वाया गेले असे वाटून घरचे निराश होतात, आणि पुष्कळ कुत्री याच वयात दुसऱ्याला देऊन टाकली जातात. हे वयात येणे आहे, आणि ते साधारण दीड वर्षापर्यंत चालते. या मुदतीत त्याला मोकळे सोडण्याचा मोह आवरावा, पाच-सहा मीटरची लांब दोरी वापरावी, आज्ञा पुन्हा परसाच्या कोपऱ्यातून, पुन्हा हरभऱ्याएवढ्या खाऊपासून सुरू कराव्यात, आणि दाराला चिकटवलेला तो कागद फाटला असेल तर नवीन लिहून पुन्हा सर्वांच्या सह्या घ्याव्यात. निर्बीजीकरण कोणत्या वयात करावे याविषयी आकार व लिंग पाहून पशुवैद्य वेगवेगळा सल्ला देतात; तो याच सुमारास घ्यावा, आणि रेबीजच्या वार्षिक लसीची तारीखही त्याच भेटीत नोंदवून ठेवावी.